कासारीण आणि कवडी कोंबडीची पिशवी

घाट उतरून खाली आलं, की ओढ्याच्या काठाने एक लहानसं गाव लागायचं. त्या गावात फार वर्षांपूर्वी द्रुपदा नावाची एक कासारीण राहायची. बांगड्यांचं ओझं खांद्यावर टाकून ती घरोघर फिरायची. तिचा हात इतका मऊ, की बांगडी चढताना मनगटाला कळायचंसुद्धा नाही. बायकांना ती आवडायची. पण द्रुपदाचा मात्र जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता.

घराला कुलूप लावलं, की ती तीनदा ओढून बघायची. चार पावलं पुढे जायची आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायची. तेलाच्या बुधल्यावर कोळशाने रेघ मारून ठेवायची. तुपाच्या झाकणावर तांदळाचा एक दाणा ठेवायची. दाणा हलला, म्हणजे कुणीतरी हात घातला. दाणा बहुतेक वेळा मुंगी न्यायची. द्रुपदा मग दिवसभर गल्लीतल्या माणसांची तोंडं न्याहाळत बसायची.

घरात ती एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेली होती. सोबतीला काय त्या पाच कोंबड्या. त्यांतली कवडी तिची फार लाडकी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव कवडी.

शेजारी तानूबाई राहायची. वयाने थोरली आणि बोलायला कमी. बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणायची. दिवसभर आपली अंगणात बसलेली असायची, म्हणून गावातल्या बायका बाहेरगावी जाताना आपल्या कोंबड्या तिच्याकडे सोपवून जायच्या. काहींच्या कोंबड्या तर बारमाही तिच्याच अंगणात असायच्या. बदल्यात तिला अंडी मिळायची, कधी पायली-अर्धी पायली जोंधळे मिळायचे. टोपल्यांना गिऱ्हाईक नसलं, की तिची चूल त्यावरच पेटायची.

एकदा द्रुपदाला लेकीच्या सासरहून सांगावा आला. लेकीचे दिवस भरत आले होते, आईने यायलाच हवं होतं. कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या? नाइलाजाने ती तानूबाईकडे गेली. जाण्याआधी तिने पाचही कोंबड्यांच्या पंखाखाली हळदीचं एकेक बोट उमटवलं. कुणी बदलून दुसरीच हातात दिली तर?

तानूबाईने ते बोट पाहिलं. मग तिने कोंबड्या आपल्या बांबूच्या डालग्यात सोडल्या.

“उपाशी ठेवू नका हो त्यांना,” द्रुपदा म्हणाली.

“ठेवेन कशाला?” तानूबाई म्हणाली. “तू लेकीकडे बघ. इकडची काळजी सोड.”

दीड महिन्याने द्रुपदा परत आली. लेक सुखरूप सुटली होती, नातू झाला होता. संध्याकाळी ती तानूबाईच्या अंगणात गेली, तेव्हा कोंबड्या नुकताच दाणा खाऊन डालग्यात शिरत होत्या. पिसं चकचकीत होती, चाल चपळ होती. द्रुपदाने कवडीला उचललं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

“हलकी लागते हो.”

“जास्तीची चरबी झडली,” तानूबाई म्हणाली. “आता बघ कशी पळते. आधी धड उडीसुद्धा मारत नव्हती.”

द्रुपदा हसली. पण कोंबड्या घेऊन घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. चरबी झडली, की झडवली?

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने आपलं डालगं उघडलं आणि कवडीच्या गळ्याखाली हात घातला. कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या वर एक पिशवी असते. टिपलेला दाणा आधी त्या पिशवीत साठतो आणि मग हळूहळू पोटात उतरतो. कवडीची पिशवी रिकामी होती. अगदी सपाट. दुसऱ्या कोंबडीची पाहिली, तीही रिकामी. पाचही पिशव्या रिकाम्या!

‘असं आहे तर!’ द्रुपदा मनात म्हणाली. ‘काल संध्याकाळी मला दाखवायला दाणा टाकल्याचं नाटक केलं. पोटभर घातलं असतं, तर सकाळी पिशवी अशी मोकळी राहिली असती का? दीड महिना माझी पाखरं उपाशी ठेवली हिने.’

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. तानूबाईच्या ओसरीवर जोंधळ्याचं पोतं उभं होतं. ते आधी कुठे होतं? तानूबाईच्या स्वतःच्या दोन कोंबड्या गुबगुबीत होत्या. त्या कशाने झाल्या? आपण आत गेलो तेव्हा तानूबाईने मान खाली का घातली? खरं तर तानूबाई टोपली विणत होती, आणि टोपली विणणारं माणूस मान खालीच घालतं. पण हे द्रुपदाला सुचलं नाही.

दोन्ही अंगणांच्या मधली भिंत कमरेएवढी होती. नुसतं वाकून विचारलं असतं, ‘तानूबाई, सकाळी पिशव्या रिकाम्या कशा?’ तरी उत्तर मिळालं असतं. पण द्रुपदाने विचारलं नाही. तिला वाटलं, विचारलं तर ती सावध होईल.

तिने तानूबाईला विचारलं नाही, पण बाकी सगळ्यांना सांगितलं. ज्या घरी बांगड्या भरायला जाई, तिथे बाईचा हात हातात घेऊन हळूच म्हणे, “कुणाला सांगू नका हं, पण तानूबाईकडे कोंबड्या ठेवत असाल तर जरा लक्ष ठेवा. माझ्या पाची हाडाला चिकटून आल्या. पिशवीत दाणा नाही. मी या हाताने पाहिलं.”

या हाताने पाहिलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? आठ दिवसांत तीन घरांनी तानूबाईकडच्या आपल्या कोंबड्या नेल्या. तानूबाईने एकीला विचारलं, “काय गं, काही चुकलं का माझं?” ती बाई दुसरीकडे बघत म्हणाली, “छे छे, आता गरज नाही एवढंच.” तानूबाई परत विणायला बसली. तिला काही उमगेना.

इकडे द्रुपदाने कोंबड्यांचा उपास भरून काढायला सुरुवात केली. सकाळी ओंजळ ओंजळ जोंधळे. दुपारी शिळी भाकरी भिजवून, तिचा गोळा करून. तिन्हीसांजेला भाताचा ढीग. कोंबडी थांबली, की ती चोचीपुढे आणखी ढकलायची. “खा गं बाई, खा. उपाशी दिवस संपले तुझे.”

शिवाय आता कोंबड्या मोकळ्या सोडायची सोय राहिली नव्हती. भिंतीवरून उडून तानूबाईच्या अंगणात गेल्या तर? तिने काही चारलं तर? म्हणून द्रुपदाने त्यांना मागच्या सारवलेल्या पडवीत कोंडलं. तिथे ना माती उकरायला, ना खडा टिपायला. रमायला म्हणून तिने लांब लांब वाळक्या गवताची पेंढी सोडून पसरली. कोंबड्या बिचाऱ्या करणार काय? दाणा संपला की गवताच्या काड्या गिळत बसायच्या.

चार दिवसांनी तिने सकाळी हात घालून पाहिलं. पिशव्या गच्च भरलेल्या! कालचा दाणा तसाच्या तसा. द्रुपदाला इतका आनंद झाला, की ती भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “माझ्या घरी कोंबडी उपाशीपोटी निजत नाही, बरं का!”

भिंतीपलीकडे तानूबाई होती. तिला वाटलं, द्रुपदा कोंबड्यांशीच बोलते आहे.

आणखी दोन दिवस गेले. कवडी कोपऱ्यात उभी राहायला लागली. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच मान लांब करायची, डावी-उजवीकडे पिळायची, चोच उघडायची. गळ्याखाली लिंबाएवढी गाठ दिसत होती. हात लावला तर मळलेल्या कणकेसारखी घट्ट. तांबडी नावाच्या दुसऱ्या कोंबडीचंही तसंच. तिची गाठ तर याहून मोठी.

द्रुपदाच्या मनात पहिला शब्द आला, विष!

ती धावत भिंतीपाशी गेली. भिंतीच्या अलीकडे बांबूच्या चार बारीक ढलप्या पडल्या होत्या. वाऱ्याने उडून आल्या असाव्यात. टोपल्या विणणारीच्या शेजारी असतं तसंच ते. पण द्रुपदाने त्या फडक्यात बांधून पेटीत ठेवल्या. पुरावा म्हणून! मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. आज कुणी काही टाकतं का, हे बघायला.

दोन दिवस ती तशीच बसली. बांगड्या भरायला गेली नाही. तानूबाई पाणी आणायला उठली, की हीही उठे. तानूबाई खोकली, की ही कान टवकारी. एवढ्या वेळात कोंबडी कुणाला दाखवावी, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. उलट अशक्त झाली म्हणून ती तांबडीच्या चोचीत भाकरीचे गोळे कोंबत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडी मेली.

मेलेली तांबडी एका हातात आणि कवडी काखेत घेऊन द्रुपदा तानूबाईच्या अंगणात शिरली.

“घ्या! झालं समाधान? एक गेली, दुसरी जायला टेकलीय. काय चारलंत माझ्या कोंबड्यांना?”

तानूबाईच्या हातातली बांबूची कामटी थांबली. “मी? मी काय चारणार? तू नेल्यापासून तुझी कोंबडी माझ्या नजरेससुद्धा पडली नाही.”

“मग ही मेली कशाने? गळ्यात गाठ कशी आली?”

गाठ म्हटल्यावर तानूबाई उठली. तिने तांबडीला हातात घेतलं, गळ्याखाली बोटं फिरवली आणि हळहळली. मग तिने कामट्या काढायच्या कोयत्याने ती गाठ चिरली. आतून गवताच्या काड्यांचा दोरीसारखा गुंता निघाला. त्याला भाकरी आणि भात चिकटून आंबलेला होता. वास असा, की द्रुपदाने पदर नाकाला लावला.

“यात विष कुठे आहे?” तानूबाई म्हणाली. “हे सगळं तुझ्याच घरचं आहे, द्रुपदा. हिच्या पिशवीचं तोंड बुजलं. खालचं उतरेना आणि वरून तू घालत राहिलीस.”

द्रुपदाला ती भाकरी ओळखू आली. तरी मन मानेना. तेवढ्यात काखेतल्या कवडीने मान पिळली आणि चोच उघडून घरघर केली.

“हिला इकडे दे,” तानूबाईने हात पुढे केला. “अजून जीव आहे.”

द्रुपदा जागची हलली नाही. जिच्यावर विषाचा संशय, तिच्याच हातात कवडी द्यायची? आणि नाही दिली, तर घरी नेऊन करायचं काय? तिने कवडीकडे पाहिलं. कवडीचे डोळे मिटत होते.

शेवटी तिने कवडी दिली. पण तानूबाई घरातून वाटीत गोडं तेल घेऊन आली, तशी द्रुपदा पुढे झाली.

“थांबा. आधी तुम्ही प्या.”

तानूबाईने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं, की ती वाटी खाली ठेवून देईल आणि या बाईला अंगणाबाहेर काढेल. ते तिला शोभलंही असतं. पण मांडीवर कवडी धापा टाकत होती. तानूबाईने वाटी तोंडाला लावली, एक घोट तेल प्यायली, पदराने ओठ पुसले.

“झालं? आता हिची मान धर. हळू.”

तिने चोचीच्या कडेने तेलाचे तीन-चार थेंब सोडले. कवडीने ते गिळले. मग तानूबाई बोटांच्या पोटांनी ती गाठ चोळायला लागली. जोर अजिबात नाही. तान्ह्या बाळाचं पोट चोळावं तशी.

“पायाला धरून उलटी करू का? ओकून टाकेल सगळं,” द्रुपदा म्हणाली.

“अजिबात नको! उलटी केलीस आणि ते श्वासात गेलं, तर इथेच गुदमरेल.”

थोडा वेळ चोळायचं, थोडा वेळ सोडायचं, घोटभर पाणी दाखवायचं. दाणा नाही, गवत नाही, काही नाही. तानूबाईने कवडीला एका टोपलीखाली झाकून सावलीत ठेवलं. द्रुपदा टोपलीला टेकून बसली. घरी जाऊन जेव म्हटलं, तर गेली नाही. आपण पाठ फिरवली आणि हिने काही केलं तर? तिच्या डोळ्यांपुढे तानूबाई कितीदा तरी उठली, कितीदा तरी तिने कवडीला मांडीवर घेतलं. विणायची टोपली दिवसभर अर्धीच राहिली. दिवस मावळताना गाठ जराशी मऊ लागली.

दुसरा दिवसही तसाच गेला. त्या दुपारी कवडी पहिल्यांदा आपणहून पाणी प्यायली, तेव्हा कुठे द्रुपदा रात्री घरी निजायला गेली.

त्यानंतरच्या सकाळी तानूबाईने भिंतीवरून हाक मारली. द्रुपदा धावत आली. कवडी टोपलीला आतून चोच मारत होती, बाहेर काढा म्हणून कलकलाट करत होती.

“हात लाव,” तानूबाई म्हणाली.

द्रुपदाने गळ्याखाली हात घातला. पिशवी रिकामी होती. अगदी सपाट.

“आता बरी झाली ती,” तानूबाई म्हणाली. “संध्याकाळी पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी, अशीच हवी. भरलेला दाणा सकाळपर्यंत खाली उतरला, म्हणजे कोंबडी ठणठणीत. सकाळीही पिशवी भरलेलीच लागली, तर समजायचं काहीतरी बिघडलं.”

द्रुपदाचा हात तिथेच राहिला.

“म्हणजे त्या दिवशी सकाळी रिकामी होती, ती...”

“कोणत्या दिवशी?”

द्रुपदाला वाटलं, विषय बदलावा. पण जी बाई तिच्या सांगण्यावरून तेलाचा घोट प्यायली, तिच्यापुढे खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं. रिकाम्या पिशव्या, जोंधळ्याचं पोतं, आणि बांगड्या भरताना घरोघर काय काय बोलली तेही.

तानूबाई ऐकत राहिली. “म्हणून नेल्या होय त्यांनी कोंबड्या,” एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, “आपल्यात भिंत केवढीशी आहे, द्रुपदा! मला विचारलं का नाहीस?”

“वाटलं, विचारलं तर तुम्ही सावध व्हाल.”

तानूबाईने कवडीला द्रुपदाच्या हातात दिलं. “आजचा दिवस थोडा मऊ भात दे, मूठभरच. उद्यापासून सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. मधे मोकळं सोड. कोंबडीला दात नसतात, दाणा दळायला तिला बारीक खडे लागतात. ते तिचे तीच टिपते. आणि लांब गवत पुढ्यात टाकू नकोस.” एवढं बोलून ती आपल्या टोपलीकडे वळली. ‘असू दे, झालं गेलं’ असं काही ती म्हणाली नाही.

द्रुपदा घरी आली. पडवीचं दार उघडून राहिलेल्या तीन कोंबड्या अंगणात सोडल्या. मग बांगड्यांचं ओझं उचललं आणि ज्या ज्या घरी तोंड उघडलं होतं, त्या त्या घरी परत गेली. “चूक माझी होती,” तिने सांगितलं. “तानूबाईकडे कोंबड्या चांगल्या होत्या. मीच घरी आणून अति खायला घातलं. एक मारली, दुसरी तिने वाचवली.” हे बोलताना कान तापायचे. चुगली करताना आवाज आपोआप हळू व्हायचा. आता मुद्दाम मोठ्याने बोलावं लागत होतं.

कोंबड्या नेलेल्यांपैकी दोन घरांनी त्या तानूबाईकडे परत पाठवल्या. तिसऱ्या घरी एक म्हातारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, “तानूबाईने तुला काय दिलं गं, असं दारोदार सांगत फिरायला?”

“काही नाही दिलं, आजी.”

“उगीच कोण कुणाची बाजू घेतं? त्या दिवशी म्हणालीस, या हाताने पाहिलं. आज म्हणतेस, तसं नव्हतं. तुझं खरं काय धरायचं?” असं म्हणून म्हातारीने द्रुपदाला आपादमस्तक न्याहाळलं. तिची नजर पदराच्या गाठीवरही गेली. तिथे काही बांधलंय का बघायला.

द्रुपदा आयुष्यभर लोकांकडे अशीच बघत आली होती. आपल्याकडे कुणी असं बघितलं, की किती लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेली. म्हातारीने बांगड्या भरून घेतल्या, पण कोंबड्या काही परत पाठवल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेहून येताना द्रुपदा तानूबाईच्या अंगणात थांबली. “दोन घरं आली. तिसरं काही येत नाही, तानूबाई. तिथला संशय माझ्याने निघत नाही. मी परत जाईन, पण निघेल असं वाटत नाही.”

तानूबाईने विणता विणता तिच्याकडे पाहिलं. मग ती बसायच्या गोणपाटावर थोडी सरकली आणि शेजारची जागा मोकळी केली.

“ऊन आहे. बस जरा,” ती म्हणाली. “ही कामटी धर. एकटीच्या हाताला आवरत नाही.”

द्रुपदाने ओझं उतरवून ठेवलं, शेजारी बसली आणि कामटीचं टोक घट्ट धरलं.

तात्पर्य: मनात संशय असला, की चांगली खूणही वाईट दिसते. म्हणून शंका आली तर ज्याच्याबद्दल आली त्यालाच आधी विचारावं. गावाला सांगितलेलं खोटं परत घेतलं, तरी सगळंच्या सगळं परत येत नाही.